ट्रंकेतल्या कॅसेट: गायन पार्ट्यांचे आवाज संगणकावर कसे घ्यावेत

गारगोटी आणि भुदरगड तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर, आपल्या बहुतेक घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक असते. तीत जुन्या लग्नपत्रिका, धम्मदीक्षेच्या सोहळ्याचे फोटो आणि तळाला पाच-पंचवीस कॅसेट सापडतात. काही दुकानातून आणलेल्या असतात. पण काहींवर कुणीतरी बॉलपेनने "जयंती", "बुद्धपौर्णिमा", "कव्वाली मुकाबला" किंवा नुसतेच "आमची पार्टी" असे लिहिलेले असते. या दुसऱ्या प्रकारच्या कॅसेटची जगात दुसरी प्रत नाही. ती गेली की आवाज गेला.

हा लेख त्या कॅसेटसाठी आहे. घरच्या घरी, थोड्या खर्चात, पण आवाजाचे नुकसान न करता त्या संगणकावर कशा उतरवून घ्यायच्या, याची क्रमवार माहिती येथे दिली आहे. गावोगावच्या तरुण मंडळांनी ती वापरावी, हा हेतू.

हे आताच का करायचे?

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे ती घराघरांत पोचली ती १९८०च्या दशकात. रेकॉर्ड काढणे ही कंपनीची गोष्ट होती. टेपरेकॉर्डर मात्र वस्तीत एकाकडे असला तरी पुरत असे. लाल बटण दाबले की आपला आवाज आपल्याच हातात. त्यामुळे वामनदादा कर्डक (१९२२-२००४), प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४), विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांची गाणी जशी कॅसेटवरून गावात आली, तशीच गावातल्या अनाम गायन पार्ट्यांची गाणीही कॅसेटवर उतरली. मोठ्या गायकांचे ध्वनिमुद्रण कुठे ना कुठे सापडते. वस्तीतली ढोलकी, पेटी आणि मागे साथ देणाऱ्या आयाबायांचा आवाज मात्र फक्त त्या ट्रंकेत आहे.

कॅसेटमधली फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटवलेले लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण. हे कण धरून ठेवणारा थर वर्षानुवर्षे ओल पिऊन सैल होतो. वेदगंगेच्या खोऱ्यातला पाऊस आपल्याला माहीत आहे. चार महिने भिंतीही घामेजतात. बुरशीला यापेक्षा चांगली जागा नाही. वर्षावासात विहारात "बुद्ध आणि त्यांचा धम्म"चे वाचन चालू असते, तेव्हा माळ्यावर आपल्याच आधीच्या पिढीचा आवाज कुजत असतो. शिवाय कॅसेट वाजवणारी चांगली यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही कमी होत चालले आहेत. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: आवाज ओळखणारी माणसे थकत चालली आहेत.

बुद्धवचन कित्येक पिढ्या पाठांतरावर जगले. श्रीलंकेत मातलेजवळच्या अलुविहारात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ते पहिल्यांदा लिहून काढले गेले, कारण दुष्काळ आणि युद्धामुळे पाठ असणारे भिक्खूच उरणार नाहीत अशी भीती निर्माण झाली होती. आपल्यापुढचा प्रश्न लहान आहे, पण जात तीच आहे.

पायरी १: कॅसेट वेगळ्या करा

सगळ्या कॅसेट बाहेर काढून तीन गठ्ठे करा.

१. दुकानातून आणलेल्या छापील कॅसेट. यांच्या प्रती इतरत्र असू शकतात. यांचे काम शेवटी.
२. घरी रेकॉर्ड केलेल्या, दिसायला ठीक असलेल्या कॅसेट. हेच आपले मुख्य काम.
३. बुरशी आलेल्या, फीत तुटलेल्या, पाण्यात भिजलेल्या कॅसेट. यांना हात लावण्यापूर्वी पुढचा मजकूर वाचा.

छापील वेष्टनावर फसू नका. विकतच्या कॅसेटवरच घरचे रेकॉर्डिंग करण्याची पद्धत सर्रास होती. वरच्या कडेच्या खाचांवर चिकटपट्टी किंवा कागदाचा बोळा लावलेला दिसला, तर आत दुसरेच काही असण्याची शक्यता मोठी.

ताबडतोब करायची गोष्ट: रेकॉर्डिंग रोखणारी खूण मोडा. कॅसेटची "अ" बाजू आपल्याकडे आणि फीत दिसणारी कड खाली धरली, तर वरच्या कडेला डावीकडची प्लॅस्टिकची पाकळी "अ" बाजूसाठी असते, उजवीकडची "ब" बाजूसाठी. दोन्ही पाकळ्या मोडल्या की चुकून लाल बटण दाबले गेले तरी आवाज पुसला जात नाही. खाचेवर पट्टी लावलेली असेल तर ती काढा.

पायरी २: तपासणी आणि सफाई

कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी किंवा राखाडी पूड, जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि त्या यंत्रात नंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला पसरते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि हाताळताना तोंडाला मास्क लावा. उन्हात वाळत घालणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देणे टाळा. फीत आकसते आणि वाकडी होते. अशा कॅसेट शेवटी, अनुभवी माणसाच्या मदतीने आणि त्यासाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या यंत्रावरच करा.

फितीच्या मागे तांब्याच्या पट्टीवर बसवलेला लोकरीचा छोटा तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. तो निसटला असेल तर आवाज खोल गेल्यासारखा येतो. अशा वेळी चांगल्या रिकाम्या कॅसेटचे कवच वापरावे. स्क्रूची कॅसेट उघडून दोन्ही गुंडाळ्या अलगद त्या कवचात बसवता येतात. चिकटवलेले कवच असेल तर ते सांध्यावर पातळ पात्याने सावकाश उघडावे लागते. हे आधी टाकाऊ कॅसेटवर करून पाहा.

फीत तुटली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. फीत जोडण्याची खास पट्टी मिळते, तीच वापरा. जोड मागच्या बाजूने द्या, हेडला लागणाऱ्या बाजूने नव्हे.

ठीक दिसणारी कॅसेटसुद्धा लगेच वाजवू नका. आधी पेन्सिल घालून चाक दोन-चार वेढे हलके फिरवा. अडखळत नसेल तर यंत्रात एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवा. वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेले वेढे त्यामुळे मोकळे होतात.

पायरी ३: यंत्र

जुने टू-इन-वन, डेक किंवा वॉकमन यांपैकी जे सुस्थितीत असेल ते चालते. शक्य असेल तर चांगला डेक ओळखीतून मागून आणा. संगणकाला थेट जोडायचे स्वस्त प्लॅस्टिकचे कॅसेट प्लेअर मिळतात, पण अनेकदा त्यांची मोटर एकसारखी फिरत नाही आणि पेटीचा सूर लाटेसारखा हलतो.

यंत्राची चार कामे करून घ्या.

*हेड साफ करणे.* कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि त्याच्या शेजारचा लोखंडी दांडा पुसा. तपकिरी डाग निघेपर्यंत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रबरी रोलरला अल्कोहोल अगदी थोडे लावा. दर चार-पाच कॅसेटनंतर हे पुन्हा करा.

*बेल्ट.* वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्राचा रबरी बेल्ट ताणलेला किंवा चिकट झालेला असतो. तो बदलूनच घ्या. कॅसेट "खाणाऱ्या" यंत्रात बहुतेक वेळा दोष रोलरचा किंवा फीत ओढून घेणाऱ्या चाकाचा असतो.

*वेग.* फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने धावायला हवी. वेग तपासण्याची सोपी युक्ती अशी: ज्या गाण्याची चांगली प्रत मोबाइलवर आहे, तेच गाणे छापील कॅसेटवर वाजवा आणि वेळ मोजा. मोबाइलवर ५ मिनिटांचे गाणे यंत्रावर ५ मिनिटे १० सेकंद घेत असेल, तर यंत्र सुमारे ३ टक्के मंद आहे. बहुतेक यंत्रांत मोटरजवळ वेग लावण्याची जागा असते. कारागीराकडून ती लावून घ्या.

*हेडचा कोन.* हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या आणि आपल्या यंत्राच्या हेडचा कोन जुळला नाही, तर आवाज उशीखाली दाबल्यासारखा येतो. हेडफोन लावून तो स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा. शब्दांतले "स", "श", टाळी आणि चाळ जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा. जुन्या घरगुती कॅसेटला या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो, तेवढा नंतर संगणकावर काहीही करून पडत नाही.

पायरी ४: जोडणी

यंत्राला "लाइन आउट" असेल तर तेथून वायर घ्या. नसेल तर हेडफोनच्या जागेतून घ्या आणि आवाजाचे बटण साधारण मध्यावर ठेवा. टोन, बास वाढवणारी सगळी बटणे मध्यावर किंवा बंद असावीत. डॉल्बीचे बटण असेल तर साध्या टेपरेकॉर्डरवर केलेल्या रेकॉर्डिंगसाठी ते बंद ठेवा.

गोंधळ होतो तो संगणकाच्या बाजूला. आजच्या बहुतेक लॅपटॉपला एकच गोल खाच असते आणि तिथला आत येणारा मार्ग फक्त माइकसाठी, तोही एकाच कानाचा असतो. त्यात टेपचा जोरदार आवाज घातला की तो फाटतो. म्हणून यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड घ्या. घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "याला स्टिरिओ लाइन इन आहे का?" नुसते माइकचे चित्र असलेले स्वस्त कार्ड या कामाचे नाही.

मोबाइल स्पीकरसमोर ठेवून रेकॉर्ड करू नका. पंखा, कोंबडा, रस्त्यावरची गाडी सगळे त्यात येते. कॅसेट पुन्हा वाजणारच नाही अशी वेळ असेल तरच हा शेवटचा उपाय.

घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तो जातो. वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी बुरसटलेली किंवा नाजूक कॅसेट लावू नका. मध्येच यंत्र थांबले की फीत रोलरमध्ये अडकते.

पायरी ५: रेकॉर्डिंग

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालते आणि या कामाला पुरेसे आहे.

१. वेग ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट ठेवा, स्टिरिओ निवडा. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांगितलेली ही किमान मर्यादा आहे.
२. विंडोजमधल्या आवाज "सुधारणाऱ्या" सोयी बंद करा. मोबाइल दूर ठेवा, संगणकावरच्या सूचना बंद करा.
३. कॅसेटमधला सर्वांत मोठा आवाज कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो शेवटच्या घोषणेचा असतो! तिथे मीटरचा काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असे बघा. तो शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.
४. एक बाजू अखंड रेकॉर्ड करा. गाणे संपले म्हणून थांबवू नका. गाण्यांच्या मधले बोलणे, कुणाचे नाव घेऊन दिलेले बक्षीस, "माइक जवळ घ्या" ही हाक, हाच खरा दस्तऐवज असतो.
५. काम संपले की "वेव्ह" प्रकारात फाइल बाहेर काढा. ऑडॅसिटीची स्वतःची प्रकल्प-फाइल जपण्यासाठी पुरेशी नाही.

जागेचा हिशेब: वरील मापाने एका मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात. म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे १ जीबी, ९० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे दीड जीबी. नव्वदच्या पन्नास कॅसेट ८० जीबीत बसतात. आजच्या साध्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ प्रत वेगळी काढा, पण मूळ म्हणून एमपी३ कधीही ठेवू नका.

माझी चूक, जी तुम्ही करू नका

पहिल्यांदा हे काम केले तेव्हा मी खरखर घालवण्याच्या मागे लागलो. जयंतीच्या एका जुन्या कॅसेटवर "नॉइज रिडक्शन" लावले, आवाज गुळगुळीत झाला, मी खूश होऊन तीच फाइल जतन केली आणि मूळ फाइल पुसून टाकली. नंतर वस्तीतल्या एका आजींना ती ऐकवली. त्या म्हणाल्या, "गाणं हाय, पण आमी बायका कुठं गेलो?" माइकपासून लांब बसून साथ देणाऱ्या बायकांचा आवाज मी खरखर समजून पुसला होता. कॅसेट पुन्हा लावली तर यंत्राने फीत खाल्ली. तेवढा भाग कायमचा गेला.

तेव्हापासून नियम एकच: मूळ फाइल जशी आली तशीच ठेवायची. सफाई, वेग सुधारणे, गाणी तोडणे, सगळे प्रतीवर करायचे. वेगाचेही तसेच. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर केलेले रेकॉर्डिंग आज चांगल्या यंत्रावर जलद आणि बारीक आवाजात वाजते. ते प्रतीत सुधारा आणि किती टक्के बदलले ते लिहून ठेवा.

पायरी ६: नोंद, म्हणजे निम्मे काम

"ट्रॅक ०१" नावाच्या फाइलला दहा वर्षांनी काही किंमत नसते. नावात गाव, वर्ष, कार्यक्रम, कॅसेट क्रमांक आणि बाजू यावी, उदा. गारगोटी-१९९१-जयंती-०३-अ. वर्ष नक्की नसेल तर "अंदाजे" लिहा. कॅसेट, तिचे लेबल आणि आतला कागद यांचा फोटो काढा. मग एका वहीत किंवा तक्त्यात लिहा: गायक कोण, गीत कुणाचे, पेटीवर, ढोलकीवर कोण, रेकॉर्ड कुणी केले, कॅसेट कुणाच्या घरची.

वर्ष माहीत नसेल तर आशयातून शोधा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची मागणी करणारे गीत असेल तर ते बहुधा विधिमंडळाच्या जुलै १९७८च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४च्या नामविस्तारापर्यंतचे. भारतरत्नाचा उल्लेख असेल तर १९९० किंवा नंतरचे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा उल्लेख असेल तर १९९०-९१च्या आसपासचे. रमाबाई आंबेडकर नगरच्या गोळीबाराचा उल्लेख असेल तर ११ जुलै १९९७ नंतरचे.

पण सर्वांत चांगला मार्ग माणसांचाच. विहारात चार जुन्या जाणत्यांना बसवा आणि कॅसेट ऐकवा. "हा आवाज कुणाचा?" एवढेच विचारा आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा. एक ओळखला की दुसरा आठवतो. बायकांना वेगळे बोलवा. पुरुषांसमोर त्या अनेकदा "आमचं काय त्यात" म्हणून गप्प बसतात. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉतवॅं यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखांहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत आणि आज त्या "पारी" या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह वाचता-ऐकता येतात. नाव नोंदवणे म्हणजे काय, ते तिथे पाहावे.

पायरी ७: जतन

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. एक प्रत मंडळाच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावातल्या विश्वासू कार्यकर्त्याकडे, तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत. पेनड्राइव्हवर एकटी प्रत ठेवू नका. वर्षातून एकदा, जयंतीच्या आधी, सगळ्या प्रती उघडून पाहा.

कॅसेट फेकू नका. उद्या आणखी चांगले यंत्र मिळेल. त्या उभ्या ठेवा, एका टोकापर्यंत गुंडाळलेल्या असाव्यात, स्पीकरपासून दूर, कोरड्या कपाटात. घरवाल्यांना त्यांची कॅसेट परत द्या, सोबत आवाजाची प्रत द्या.

परवानगी आणि कायदा

घरी केलेले रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकण्यापूर्वी गाणाऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबाला विचारा. कॅसेटमध्ये भांडण, कुणाच्या घरचे दुःख, पुण्यानुमोदनातले रडणे असू शकते. ते जपायचे, पसरवायचे नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि गीतकाराचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे. वामनदादांचे निधन २००४ साली झाले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. कार्यक्रमात गाणाऱ्या कलाकारालाही कायद्याने वेगळा हक्क आहे. स्वतःच्या वापरासाठी, अभ्यासासाठी प्रत काढण्यास कायद्यात सूट आहे. छापील कॅसेट आपल्या चॅनेलवर चढवून जाहिरातीचे पैसे घेणे हा वेगळा प्रकार झाला. ज्यांनी उपाशी पोटी गाणी लिहिली आणि गायली, त्यांच्या वारसांचे नाव आणि वाटा आपणच डावलू नये.

वेळापत्रक

कॅसेटला घाई चालत नाही. ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला ६० मिनिटे लागतातच, शिवाय सफाई आणि नोंदीचा वेळ. तिघांचा गट करा: एक यंत्रावर, एक संगणकावर, एक वहीवर. एका रविवारी दोन कॅसेट नीट होतात. १४ ऑक्टोबर ते १४ एप्रिल या सहा महिन्यांत २६ रविवार मिळतात, आणि हेच आपल्याकडचे कोरडे महिने. म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सुरुवात केली तर जयंतीपर्यंत पन्नास कॅसेट पूर्ण होतात.

यंदाच्या जयंतीला डीजे लावायचा की नाही, यावर वस्तीत वाद होतच राहतील. पण मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी विहारात अर्धा तास जुन्या पार्टीचा आवाज लावा, गाणाऱ्यांची नावे वाचून दाखवा आणि हयात असतील त्यांना पुढे बसवा. त्याला फार पैसे लागत नाहीत. या रविवारी फक्त ट्रंक उघडा आणि पाकळ्या मोडा. बाकीचे त्यानंतर.

जय भीम! नमो बुद्धाय!